यंदा सारण नाही

१ नोव्हेंबर, बुधवार

पक्कं ठरलं. यंदा थँक्सगिव्हिंगचं सारण मी करणार नाही. सहा वर्षं केलं, पुष्कळ झालं.

सगळं जग टर्कीबरोबर पावाचं सारण करतं. मऊ, लोण्यात न्हालेलं, जिभेवर ठेवलं की संपलं. आमच्याकडे मात्र अख्खा गहू, जव, तळ्यातला रानतांदूळ, वर सुकवलेल्या क्रॅनबेरी, सफरचंद आणि अक्रोड. सुरुवात मीच केली, मान्य. ज्या सप्टेंबरात मार्लिस गेली, त्याच वर्षी. बायको गेली म्हणून माणसाने बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं का? डॉक्टरने अख्खं धान्य खा म्हणून सांगितलं होतं आणि गावच्या धान्याच्या कोठारावर मी एकतीस वर्षं काढलेली. म्हणजे धान्य हा आपला प्रांत. पण एकतीस वर्षं मी धान्य तोललं, त्याचा ओलावा मोजला. चावून कधी बघितलं नव्हतं.

इथे लिहायला हरकत नाही. मला ते सारण आवडत नाही. पहिल्या वर्षीही आवडलं नव्हतं. चौथ्या वर्षी त्यात दाढेची कॅप गेली, ती क्रॅनबेरी समजून मी गिळली.

अडचण एवढीच की घरच्यांचा त्याच्यावर भयंकर जीव. थँक्सगिव्हिंग असतं थोरल्या बहिणीकडे, आर्डिसकडे. ती दरवर्षी दोनदा वाढून घेते. भांडं परत येतं ते चाटूनपुसून. तेव्हा बातमी हळुवारपणे द्यावी लागणार. रविवारी फोन करून सांगतो. मी स्पष्टवक्ता माणूस आहे.

५ नोव्हेंबर, रविवार

फोन केला. मी तोंड उघडायच्या आत आर्डिस म्हणाली, बरं झालं बाबा तूच केलास, यादीच करत बसलेय, तुझ्या नावापुढे सारण लिहूनसुद्धा टाकलं, आणि ऐक, सिग्ने तीन दिवस राहणार आहे ना, मग डबल कर. सिग्ने माझी मुलगी. मिनियापोलिसला असते.

मी म्हणालो, हो हो.

हे 'हो हो' म्हणजे होकार नव्हे. फोनवर माणूस काहीतरी म्हणतोच. शिवाय आर्डिसचा आवाज बसलेला वाटला. आजारी माणसाला धक्का देणं बरं नाही. उद्या सांगतो.

६ नोव्हेंबर, सोमवार

उद्या.

८ नोव्हेंबर, बुधवार

विचार केला. तोंडावर नाही म्हणणं हा अडाणी मार्ग आहे. परिस्थितीनेच नाही म्हटलं पाहिजे.

१२ नोव्हेंबर, रविवार

चर्चनंतर कॉफी पिताना सहज चारपाच जणांच्या कानावर घातलं, की यंदा रानतांदूळ कुठे मिळतच नाही, बहुतेक सारण राहणार. आवाजात बेताचं दुःख ठेवलं. चर्चमधल्या एव्हलिनबाईंनी माझा हात दाबला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. काम फत्ते. घरी येऊन छान डुलकी काढली.

१३ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ८

दाराच्या पायरीवर रानतांदळाची पिशवी. सोबत चिठ्ठी: तुमच्या सारणाशिवाय कसलं थँक्सगिव्हिंग! एव्हलिन.

सकाळी ११

दुसरी पिशवी. चिठ्ठी नाही.

दुपारी ४

अजून दोन पिशव्या आणि एक बरणी. एकूण अकरा पौंड. यांपैकी एकानेही माझं सारण आजवर चाखलेलं नाही. लोक इतके चांगले असतात की माणसाला श्वास घ्यायला जागा ठेवत नाहीत.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

खांदा. हे आधी का सुचलं नाही? आर्डिसला कळवलं, खांदा धरलाय, अक्रोड फोडणं जमायचं नाही. तासाभरात लायल हातोडी घेऊन हजर. लायल म्हणजे आर्डिसचा नवरा. वर्षाला साधारण सात वाक्यं बोलतो.

गॅरेजमध्ये दोन तास अक्रोड फोडत बसलो. मधेच लायल म्हणाला, वेन्डेल, मी काय म्हणतो, यात थोडा पाव घातला तर?

केवढी संधी होती! देवाने दार उघडून धरलं होतं, नुसतं बाहेर पडायचं होतं. आणि मी काय केलं? त्याला वीस मिनिटं कोंड्याचं महत्त्व सांगितलं. कोंडा, आतडी, हृदय, पांढऱ्या पावाने झालेलं देशाचं वाटोळं. तोंड माझंच, पण कोण बोलत होतं कळेना. लायल घाईघाईने म्हणाला, नाही नाही, तुझं सारण वेगळं आहे. मग हातोडी खाली ठेवून परत म्हणाला, वेगळंच आहे.

लायल एकच गोष्ट दोनदा म्हणत नाही. म्हणजे त्याचासुद्धा एवढा जीव आहे. अवघड होत चाललंय.

तो गेल्यावर लक्षात आलं की निम्म्याहून जास्त अक्रोड मीच फोडले, दुखऱ्या हाताने.

२० नोव्हेंबर, सोमवार

आर्डिसला सरळ सांगायचं म्हणून पाऊण तास फोन मांडीवर घेऊन बसलो. मग वाटलं, सारण नाही तर न्यायचं काय? गोडाचं आर्डिस करते. बटाटे सिग्ने करणार. टर्की लायलची. सारण काढून घेतलं तर त्या टेबलाशी मी कोण? कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलेला एक विधुर.

हा मुद्दा नाही. मुद्दा दाढेचा आहे.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

सापडला उपाय. मीच माझी पाठ थोपटली. सारण बिघडवायचं! गहू भिजवायचा नाही, जव अर्धकच्चा ठेवायचा. पहिल्या घासालाच सगळ्यांचे चेहरे उतरतील. मग आर्डिसच म्हणेल, वेन्डेल, आता तुझं वय झालं, पुढच्या वर्षी राहू दे. मी जरा वाईट वाटल्यासारखं करीन. कुणाचं मन दुखावलं नाही, कुणाला नाही म्हटलं नाही, आणि मी मोकळा.

२२ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी

सिग्ने आली. आल्या आल्या पातेल्यात डोकावली. बाबा, गहू भिजवलाच नाहीस? म्हटलं, नवी पद्धत आहे. पर्समधून कागदी रुमालांचं पाकीट काढून तिने कोटाच्या खिशात घातलं. सर्दी झाली असावी.

तीन तासांऐवजी पंचवीस मिनिटं शिजवलं. कोठारावरून निवृत्त होताना मिळालेलं ओलावा मोजायचं यंत्र काढलं. असा गहू कोणी विकायला आणला असता तर मी पहिल्या दर्जाचा म्हणून उतरवून घेतला असता.

एक दाणा चावून पाहिला. बाहेरच्या खोलीतून सिग्नेने विचारलं, बाबा, काय पडलं?

उत्तम.

२३ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी

भांडं गाडीत ठेवलं. भांडं मार्लिसचं. बुडाला तिच्या अक्षरातली नावाची चिकटपट्टी आहे, चर्चमधल्या जेवणावळीत भांडी बदलू नयेत म्हणून लावलेली. सहा वर्षं धुतोय, निघालेली नाही. भांड्याला उगाचच सॉरी म्हणालो.

आज संध्याकाळपर्यंत मी मोकळा माणूस.

संध्याकाळी ७

जसं घडलं तसं लिहितो.

जेवणाआधी सगळ्यांनी हात धरले. प्रत्येकाने आपण कशासाठी आभारी ते सांगायचं असतं. आर्डिस म्हणाली, मी वेन्डेलच्या सारणासाठी आभारी आहे. लायल म्हणाला, मी पण. मला थोडं अपराधी वाटलं, पण थोडंच.

सारण वाढलं गेलं. मी काटा धरून वाट बघत बसलो. सगळे चावायला लागले. खडीच्या रस्त्यावरून ट्रक चालल्यासारखा आवाज. आता, म्हटलं, आता.

आर्डिस म्हणाली, वा! लायल म्हणाला, वेगळंच. सिग्ने म्हणाली, बाबा, यंदा तर विशेष जमलंय. आणि आर्डिसने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तेच शब्द. त्याच क्रमाने. तसंच दुसऱ्यांदा वाढून घेणं. मी ग्रेव्हीचं भांडं हातात घेऊन बसून राहिलो. सिग्ने म्हणाली, बाबा, ग्रेव्ही पुढे दे. तिला दोनदा सांगावं लागलं. मुद्दाम बिघडवलेल्या सारणाला तेच कौतुक, तर मग चांगल्या सारणाला सहा वर्षं मिळत होतं ते काय होतं?

राग आला. उठून उभा राहिलो आणि म्हणालो, हे मी मुद्दाम बिघडवलंय! गहू भिजवलेला नाही! मला हे करायचंच नाहीये!

लायलने काटा खाली ठेवला आणि अगदी मनापासून विचारलं, म्हणजे दरवर्षी मुद्दाम नव्हतं?

मग जे हसू सुटलं ते आवरेना. आर्डिस हसून हसून डोळे पुसायला लागली. सिग्नेने मांडीवरचे कागदी रुमाल टेबलावर ठेवले, प्रत्येकात एकेक घास गुंडाळलेला. सर्दी नव्हती. लायलचा दात तिसऱ्याच वर्षी गेलेला. दरवर्षी जेवणानंतर मी फुटबॉल बघता बघता आरामखुर्चीत घोरायला लागलो की ही मंडळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पावाचं सारण खातात. यंदाचा ट्रे वॉशिंग मशीनवर टॉवेलखाली झाकलेला होता. आणि माझं चाटूनपुसून परत येणारं भांडं? लायलच्या मागच्या अंगणात रानटर्की येतात. शुक्रवारी सकाळी आपल्या आपण येऊन उभ्या राहतात म्हणे. सवय झालीय त्यांना.

मी म्हणालो, सहा वर्षं? सहा वर्षांत एकालाही बोलता आलं नाही?

आर्डिसचं हसू थांबलं. म्हणाली, अरे, त्या वर्षी तू दारात उभा होतास. ते भांडं छातीशी धरून. कोटाची बटणं चुकीची लावलेली. मार्लिसबद्दल काय बोलावं कुणालाच सुचेना. मी म्हटलं, सारण छान झालंय. मग सगळेच म्हणाले, छान झालंय. तुला बरं वाटलेलं दिसलं. मग पुढच्या वर्षी काय म्हणायचं होतं आम्ही?

मी बसलो. कोणीतरी पावाचं सारण माझ्या ताटात वाढलं. दोनदा घेतलं. अप्रतिम होतं. एवढं वाईट मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

घरी येताना गाडी सिग्नेने चालवली. पुलाशी आल्यावर म्हणाली, बाबा, एक सांगू? पहिल्या वर्षी मला ते सारण चाललं होतं. चावायला इतका वेळ लागायचा की कोणी काही विचारलं तरी बोलावं लागायचं नाही. तोंड उघडलं असतं तर मी रडले असते.

मी म्हणालो, मीसुद्धा.

एवढंच. मग घर आलं.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी १०

सुटलो! जे हवं होतं ते मिळालं. कसं हलकं वाटतंय. न्याहारीला पांढरा पाव खाल्ला.

सकाळी ११

आर्डिसचा फोन. पुढच्या वर्षी तू कसलीही दगदग करायची नाहीस, म्हणाली. फक्त येताना बर्फाची एक पिशवी आण.

बर्फ. मिनेसोटात. नोव्हेंबरात. खिडकीबाहेर पातेलं धरलं तरी मिळतो.

आमच्या घरात बर्फ आणायचं काम आजवर लायलच्या मावसभावाकडे होतं, ड्वेनकडे. ड्वेनला टोस्टर लावता येत नाही. म्हटलं, मग ड्वेन काय आणणार? म्हणाली, त्याला बढती दिली, तो लोणची आणेल.

मी म्हणालो, हो हो.

दुपारी १

लायलने फोटो पाठवला. अंगणात नऊ रानटर्की. खाली लिहिलंय: क्रॅनबेरी आणि अक्रोड वेचले, गहू तसाच ठेवला. लायलचं यंदाचं आठवं वाक्य. त्यालाही राहवलं नसावं.

दुपारी ३

सिग्ने सामान भरतेय. मी शांतपणे विचार केला. कालचा निकाल धरता येणार नाही. कालचा गहू भिजवलेलाच नव्हता. आधीच्या सहा वर्षांतही चूक धान्याची नव्हती, पद्धतीची होती. दोन दिवस भिजवून पुरत नाही, तीन हवेत. अक्रोड आधी भाजून घ्यायला हवेत. कोठारावर एकतीस वर्षं काढलेला माणूस ड्वेनच्या जागी बर्फ आणणार नाही.

संध्याकाळी ५

सिग्ने गेली. जाताना पातेल्यात डोकावली. मिठी मारली आणि कागदी रुमालांचं पाकीट ओट्यावर ठेवून गेली.

नाताळही आर्डिसकडेच असतो. अजून एकतीस दिवस आहेत. रानतांदूळ नऊ पौंड शिल्लक आहे, तो काय वाया घालवायचा? आजची नुसती चाचणी. मार्लिसचं भांडं धुऊन पुसून ठेवलं.

नाताळचं मात्र शेवटचं. त्यानंतर सारण नाही म्हणजे नाही. आर्डिसला रविवारी फोन करून सांगतो.

गहू भिजत घातलाय. डबल.