अजून नाही, अजून नाही

बाबा,

तो ट्रॅकवाला आज सकाळी पुन्हा येऊन गेला. कुंडमच्या रस्त्याला शहर संपून पळसाची झाडं सुरू होतात, तिथे त्यानं मुलांसाठी गो-कार्टचा ट्रॅक बांधलाय, वळणावळणाचा, कडेला जुने टायर रचून. त्या ट्रॅकला त्याला तुमचं नाव द्यायचंय. येताना खोव्याची जिलबी घेऊन आला, पाया पडला आणि म्हणाला, "सर, परसों उद्घाटन है. पेंटर बोर्ड लेके बैठा है. बाबूजी का शुभ नाम बता दीजिए, बस." मी म्हटलं, "कल बताता हूँ." माझा आवाज जरा जड झाला होता. त्याला वाटलं मला गहिवरून आलं. गहिवर नव्हता तो, बाबा, राग होता. वय झालं की दोन्हींचा आवाज सारखाच निघतो.

त्याच्या डोक्यात जी गोष्ट आहे ती इथल्या पुष्कळांना पाठ आहे. लष्करी ट्रकांच्या कारखान्यात एक टेस्ट ड्रायव्हर होता, त्यानं भंगारातून पोराला गाडी करून दिली आणि ते पोरगं पुढे देशाचं चॅम्पियन झालं. ही गोष्ट पेपरवाल्यांना मीच सांगत आलो. सांगायला सोपी होती आणि ऐकणारे लगेच हात जोडायचे. तिच्यात सगळं आहे, फक्त तुम्ही नाही आहात. म्हणून आज, जिलबी तशीच पाकात ठेवून, तुमच्याशी बोलायला बसलोय. मधे बोलू नका. हयातभर तुम्हीच बोललात.

राज्यांच्या सरहद्दी नव्यानं आखल्या गेल्या, नागपूर त्या बाजूला गेलं आणि तुम्ही नोकरीपायी या बाजूला, हिंदी मुलखात आलात. क्वार्टरांच्या मागे पाण्याच्या टाकीचा उतार होता. संध्याकाळी आपल्याकडची माणसं तिथे खाटा टाकून बसायची आणि आम्ही पोरं बेअरिंगच्या गाड्या सोडायचो. एक फळी, तिला खाली भंगारातल्या बेअरिंगा, पुढची दांडी पायानं वळवायची. खडखडाट असा की कुत्री पळून जायची. सगळ्यांच्या गाडीला जुन्या चपलेच्या रबराचा ब्रेक असे. माझ्याही होता, मी स्वतः ठोकलेला, आणि मला त्याचा अभिमान होता. तुम्ही ड्यूटीवरून आलात, जेवणाचा डबा खाली ठेवलात आणि पक्कडीनं तो ब्रेक उपटून नाल्यात फेकलात. "ब्रेक दिसला की पाय तिथंच जाते," म्हणालात. मी विचारलं, "मग थांबू कसा?" "आधी चालवाले शीक. थांबणं काय, म्हशीलेही येते." खाटांवरची माणसं हसली. मी हसलो नाही, बाबा. माझ्या डोळ्यांपुढे त्या उताराच्या टोकाची, नाल्यावरची दगडी मोरी होती.

मग तुम्ही कारखान्याचे जड बूट घालून माझ्या शेजारून धावता आहात. मोरी जवळ येते आहे, दगड दिसताहेत, त्यावरचं शेवाळ दिसतंय, आणि तुम्ही धापा टाकत ओरडता आहात, "अजून नाही… अजून नाही… अजून नाही… हं, आता!" तुमच्या 'आता'ला वळलं की गाडी मोरीला घासून सुटायची. एकदा मी तुमच्या शब्दाआधीच दांडी वळवली, गाडी उलटली, गुडघे सोलून निघाले. तुम्ही आलात. मला वाटलं उचलाल. "रडून काहून राहिला बे? आधी सांग, लवकर वळला का उशिरा?" हुंदके देत मी म्हटलं, लवकर. "मग बरोबर लागलं तुले," म्हणालात आणि गाडी उचललीत. मला नाही, गाडी.

पुढे माझ्या कार्टसाठी घरात स्कूटरचं इंजिन आलं, लोखंडी नळ्या आल्या आणि आईच्या स्वयंपाकघराचं वर्कशॉप झालं. माहेराहून आणलेल्या पितळी परातीत रॉकेल ओतून तुम्ही कार्बोरेटर धुवायला बसलात. आई म्हणाली, "अहो, मग कणीक कुठं भिजवू?" तुम्ही मान वर न करता, "आज भात कर." मग पुष्कळ दिवस भातच झाला, आणि पोळ्या झाल्या तेव्हा त्यांना जो वास आला तो अजून माझ्या नाकात आहे. इंजिन सुरू केलं की तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. दहा ट्रक एकदम गुरगुरत असले तरी त्यातला अडखळणारा ट्रक तुम्हाला भिंतीपलीकडून कळायचा. तुम्ही दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटं फुलीसारखी आडवी धरायचात. इंजिन बंद. टेस्टिंगच्या आवाजात तुम्हा लोकांची तीच भाषा होती. मग म्हणायचात, "मिस मारून राहिलं." म्हणजे इंजिनाचा ठोका चुकतोय. या तीन शब्दांवर अख्खा ट्रक परत जाई.

तुम्हाला ठाऊक नसलेली एक जागा माझ्यापाशी होती. दीक्षितपुऱ्यातली आमची मराठी शाळा आणि तिथल्या मराठीच्या बाई. बाहेर सगळी हिंदी, घरी तुमची ती खडबडीत वऱ्हाडी, आणि त्या एका खोलीत बाई टाळ्या वाजवून वृत्तं शिकवायच्या. लगागा लगागा लगागा लगागा. 'ल' म्हणजे बोटाच्या टोकाची टाळी, 'गा' म्हणजे मोकळ्या पंजाची. खिडकीतून चिंचेची पानं भुरभुरत असायची आणि मला वाटायचं, जगात याहून सुंदर काही नसेल. नंतर तुमची कार्ट चालवताना मला सापडलं की वळणालाही वृत्त असतं. 'ल'ला ब्रेकला नुसता स्पर्श, 'गा गा'ला गाडी मोकळी सोडायची. मी हेल्मेटच्या आत आयुष्यभर कविता म्हणत गाडी चालवली. लोकांनी माझ्या पायांची तारीफ केली आणि तिचं श्रेय तुम्हाला दिलं. ते पाय अर्धे बाईंचे होते. हे तुम्हाला मुद्दामच कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही तेही परातीत धुतलं असतं.

आता तो दिवस. तुम्हाला आठवत नसेल, मला रोज आठवतो. छावणीच्या मैदानावर ऑफिसरांच्या मुलांची कार्टची शर्यत, दुपारी चार वाजता. त्याच दिवशी भर दुपारी शाळेत पाठांतर स्पर्धा. नदीवरची एक कविता होती, चांगली लांब, त्याच लगागाच्या भुजंगप्रयातात. मी ती आईला चुलीपाशी बसून म्हणून दाखवली होती. तिनं तुम्हाला बजावलं होतं, "पोराची कविता होऊ द्या, मग न्या कुठं न्यायचं ते." तुम्ही "हूं" केलं होतं. मी स्टेजवर उभा आहे, बाई विंगेत हातानं ताल धरून आहेत, पुढे सतरंजीवर मुलं, आणि मागच्या दाराशी तुम्ही, खाकी कपड्यांत, टोपी हातात घेऊन. मी म्हणतो आहे. चांगलं म्हणतो आहे, बाईंच्या तोंडावर दिसतंय. आणि शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी तुमचे दोन्ही हात डोक्यावर जातात. मनगटं आडवी. इंजिन बंद.

मग सतरंजीवरच्या मुलांमधून बुटांसकट चालत येऊन तुम्ही माझा दंड धरलात. बाईंना म्हणालात, "गाडी तपासाची आहे, निघतो." बाई म्हणाल्या, "अहो, एकच कडवं राहिलंय!" तुम्ही थांबला नाहीत. सायकलच्या दांडीवर बसून मी रडत होतो, तेव्हा मागून एवढंच बोललात, "मिस मारून राहिलं होतं." माझ्या कवितेला! ज्या तीन शब्दांनी तुम्ही ट्रक परत पाठवायचात, त्याच शब्दांनी. हे वाक्य मी किती वर्षं चघळलं, बाबा. त्या दिवशी चार वाजता मी ऑफिसरांच्या मुलांना मागे टाकलं ते तुमच्या शिकवणीनं नाही. मी तुमच्यापासून पळत होतो. पुढेही तेच करत राहिलो.

पळता पळता फार लांब गेलो. दक्षिणेतल्या विमानांच्या जुन्या धावपट्ट्यांवर, कार्टमधून एका सीटच्या रेसिंग गाडीत, किताबापर्यंत. प्रत्येक वेळी जिंकून परतलो की दारातच तुमचा हात पुढे. हारासाठी नाही, ब्रेकच्या लायनरसाठी. मी ते कागदात बांधून आणायचो, जसं दुसरी पोरं प्रसाद आणतात. तुम्ही अंगठा फिरवायचात. शेवटपर्यंत वेगात राहून ऐनवेळी करकचून ब्रेक मारला तरच ते झिजतं, हा तुमचा हिशेब. "एवढं उरलं? मग तिथं काय पेट्रोल जाळाले गेलता?" आई म्हणायची, "अहो, जिंकलाय तो." "दुसरे हरले असतीन." देशाचा चॅम्पियन झालो त्या दिवशी मी हातात कप घेऊन बूथमध्ये उभा राहून तुमच्या कारखान्याच्या गेटवर ट्रंककॉल लावला. बाबा, झालो, म्हटलं. तारेत खरखर. मग तुम्ही, "लायनर किती उरलं?" "अर्धं." "मग बाकीचे हळू होते." आणि फोन ठेवलात. मी रिसीव्हर कानाला तसाच धरून उभा. मागचा माणूस खांद्यावर टिचकी मारतो, "हो गया क्या, भैया?" हो, म्हटलं, हो गया. खरंच तेव्हाच झालं. तुम्ही गेलात तेव्हा मला रडू आलं नाही ते याच्यामुळे. माझं आधीच उरकलं होतं.

तर त्या ट्रॅकवाल्याला तुमचं नाव का देऊ? उगवत्या पोरांनी तुमच्या नावाखालून आत का जावं?

एवढं लिहून उठलो, पाणी प्यालो, अंगणात एक फेरी मारली. परत आलो तर कागद तसाच पुढे, आणि तुमच्यासमोर खोटं बोलता येत नाही ही जुनीच अडचण. एक गोष्ट मी पेपरवाल्यांना सांगितली नाही, आईलाही नाही. तुम्ही हात वर नेलेत तेव्हा मी आधीच थांबलेलो होतो. शेवटचं कडवं आलंच नाही. डोक्यात नुसतं लगागा लगागा वाजत होतं, आत शब्द एकही नाही. सतरंजीवर खुसखुस सुरू होणार, तेवढ्यात तुमची मनगटं. सगळ्यांना वाटलं, आडदांड बापानं पोराला ओढून नेलं. बाईंनासुद्धा. पोरगं विसरलं, हे कुणालाच कळलं नाही. तुम्हाला कळलं. भिंतीपलीकडून कळणारच की.

पण म्हणून सुटलात असं समजू नका. मोरीचे दगड दिसेपर्यंत मला "अजून नाही, अजून नाही" म्हणणारे तुम्ही, माझ्या कवितेला एक श्वासही थांबला नाहीत. ट्रक परत जातो तो दुरुस्त होऊन पुन्हा येण्यासाठी. मला स्टेजवर पुन्हा कुणी नेलं नाही. थांबला असतात तर कदाचित आठवलं असतं. नसतं आठवलं तर हसली असती पोरं, आणि मी वाचलो असतो त्यातून. मोरीतून वाचलोच होतो. गाडीसाठी तुमच्यापाशी जो धीर होता, त्यातला थोडा मला मिळायला हवा होता. हा हिशेब मिटत नाही, आणि मिटवायची मला इच्छाही नाही.

उद्या त्याला सांगणार आहे, बोर्डवर बाबूजींचं नाव नको. तो बिचारा तोंड पाडेल. मग पेंटरला एक लहान पाटी करायला लावीन, तिसऱ्या वळणाच्या अलीकडे, जिथे पोरांचा पाय हमखास ब्रेककडे जातो तिथे लावायला. हिंदीत, कारण आता इथल्या आपल्याही पोरांना तीच कळते. अभी नहीं. बस, तेवढंच. खाली कुणाचं नाव नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पाटी चार हात पुढं लाव. लावीन चार हात पुढं.

हे कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही; घडी करून शाळेच्या जुन्या पुस्तकात ठेवतो. त्यातच ती नदीची कविता आहे, शेवटच्या कडव्यासकट. ते पान मी त्या दिवसापासून उघडलेलं नाही. आजही दुसऱ्याच पानात ठेवतोय.