फाउलला टाळ्या

लंडन, ओंटारिओ, कॅनडा
२७ ऑगस्ट २०१७

प्रिय चित्रा,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असालच. मी ठीक आहे. संध्याकाळी आता स्वेटर लागतो. आमचा यशोधन दर आठवड्याला मिसिसागाहून येऊन फ्रीज भरून जातो. टोमॅटो भरपूर आलेत.

पत्रं तुझी ताई, अरुणाच लिहायची. मी खाली "सर्वांना नमस्कार" एवढंच लिहायचो. त्यामुळे हे जमेल तसं वाच. "भावोजी, आता कायमचे सांगलीला या, खोली रंगवून घेतली आहे," असं तू मार्चमध्ये लिहिलंस. त्याबद्दल शेवटी लिहितो.

काल बेसबॉलला गेलो होतो. अरुणा गेल्यापासून पहिल्यांदाच. आमच्या इथल्या क्लबच्या कोलचा शेवटचा सामना होता. त्याच्याबद्दल तिने फोनवर तुला पुष्कळ ऐकवलं असेल. सेकंड बेसवर खेळणारे बहुधा लहान चणीचे, चपळ. चेंडू अडवणं त्यांचं काम, लांब मारणं दुसऱ्यांचं. हा मात्र आडदांड, आणि चेंडू कुंपणापार नदीत घालवणारा. अमेरिकेत छोट्या लीगमध्ये काही वर्षं होता. तिथले म्हणाले, बॅट उत्तम आहे पण पाय जड, फर्स्ट बेसवर जा, तिथे पळापळ कमी. हा म्हणाला, सेकंडवरच खेळेन. शेवटी घरी परतला. दिवसा छपरांची कामं करायची, संध्याकाळी खेळायचं. अरुणा म्हणायची, "हट्टी आहे मेला, पण सुखी आहे."

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याचा एक चेंडू मागे, आमच्या डोक्यावरून गेला. क्रिकेट बघून वाढलेली ती. मागे गेला म्हणजे चौकारच! उभी राहून टाळ्या. बाकी सगळे गप्प.

"अगं, फाउल आहे तो, इथे मागे गेलेला धरत नाहीत. बस खाली."

"असू दे. बॅटला लागला ना?"

कोलने वळून पाहिलं आणि हसून हेल्मेटला हात लावला. तेव्हापासून तो रिवाजच झाला. त्याने मागे मारला की हिच्या टाळ्या आणि त्याचा सलाम. मी दुसरीकडे बघत बसायचो.

कालही चेंडू मागे गेला. सवयीने त्याने वर पाहिलं. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. त्याचा हात अर्ध्यावरच थांबला. मग मीच उठलो आणि टाळ्या वाजवल्या. मागे कोणीतरी हसलं. कोलने हेल्मेट काढून हातात धरलं. पुढच्याच चेंडूवर तो बाद झाला.

सामना संपल्यावर तो कुंपणाशी आला. मी अरुणाचं सांगितलं. मग तो म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून मी इथेच मुलांना शिकवणार आहे. तुम्ही येणार ना?"

मी "हो" म्हणालो. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं, की तुझ्या पत्राचं उत्तरही त्यातच आलं.

रागावू नकोस. खोलीत पाहुण्यांना राहू दे. मीही कधी पाहुणा म्हणून येईन. त्याआधी तू मे महिन्यात इकडे ये. शेजारची खुर्ची तुझी. टाळ्या कुठे वाजवायच्या, ते मी सांगणार नाही.

अरुणाचा आणि माझा, सर्वांना नमस्कार.

सूर्यकांत