ज्योतिबा विरुद्ध ज्योतिबा

३० मार्च १९९७, रविवार

कसली सुट्टी! लालासाहेब सर म्हणाले, "दीक्षा, मैदानाची नोंदणी आहे, रविवार विसरा." विसरले. सकाळपासून आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात पैलवानांच्या चपला. एकेक चप्पल म्हणजे होडी!

यंदा कुस्त्यांच्या जोड्या कॉम्प्युटर लावणार. दरसाल बोंब असते म्हणे — कमिटीचे हंबीरआप्पा स्वतःच्या तालमीतल्या पोरांना सोप्या जोड्या देतात. आप्पा मिशा पिळत म्हणाले, "आवंदा शिव्या मशीनला घाला." प्रत्येक वजनगटातल्या नावांच्या चिठ्ठ्या मशीन टाकणार, दोन-दोन नावं उचलणार. हा प्रोग्राम मी लिहिलाय. मी! बाहेरच्या फळ्यावर सरांचं नाव असलं तरी.

फॉर्मवर वडिलांचं नाव घेऊ या, असं मी सुचवलं. आप्पा हसले. "पैलवानाला बापाच्या नावानं कोन वळखतंय, पोरी? नाव, गाव, वजन. झालं." झालं तर झालं.

दुपारी एक बाई आल्या, सुलाबाई. जतकडच्या बनवाडीच्या. मुलाची नोंदणी करायची होती, पण नाव सांगेनात! चिठ्ठी पुढे केली. पल्लवी टाइप करत होती, ती म्हणाली, "मावशी, अक्षर लागत नाही, तोंडानं सांगा की." तर बाई पदर तोंडाला लावून लाजल्या. "सासऱ्याचं नाव ठिवलंय पोराला. तोंडानं कसं घिऊ, बाई?" मग घरी हाक कशी मारता? "धाकल्या म्हंतो." शेवटी पल्लवीनंच अंदाजानं वाचलं — ज्योतिबा शेंडगे? बाईंनी मान हलवली. बासष्ट किलो. पोरगं तालमीत होतं, आलंच नव्हतं. पहिलंच मैदान म्हणे. बाई जाताना पडद्याकडे बघून हात जोडून गेल्या. सासऱ्याचं नाव दिसलं ना!

२ एप्रिल

साताऱ्याच्या केंद्रातली फ्लॉपी एस.टी.च्या पार्सलनं आली. तिकडची नोंदणी महेंद्र करतो. त्याची नावं आमच्या नावांत मिसळली. मैदान सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांचं, त्यामुळे काहींनी दोन्हीकडे नावं दिली असणार. हे माझ्या डोक्यात आधीच आलं होतं! जुळणारी नावं आपोआप गाळायचा तुकडा आधीच लिहिलाय. चालवला. एकही नाव दोनदा नाही. वा!

३ एप्रिल

घरून, फलटणहून आबा आले. दुपारी क्लासच्या बाकावर बसून राहिले, टोपी मांडीवर. मग खिशातून पत्र काढलं — साताऱ्याच्या कचेरीत कारकुनाच्या जागेची मुलाखत, पाच मेला. "सरकारी हाय, दीक्षे. पेन्शनीची." 

मी म्हटलं, आबा, इथं मी प्रोग्राम लिहिते. आबा म्हणाले, "लिवतीस, पर पगार टायपिस्टचाच." खोटं काय त्यात? सर नव्या मुलीला प्रोग्राम देत नाहीत, मला हा एक मिळाला तो त्यांना कुस्तीतलं काही कळत नाही म्हणून. मग आबाच म्हणाले, "मी येतो मैदानाला. तुजं मशीन चाललं तर ऱ्हा सांगलीत. न्हाईतर गपगुमान साताऱ्याला." ठरलं! 

आता हे मैदान माझं पण.

६ एप्रिल

मेले. मेले, मेले!

तालमीत कमिटी बसलेली, अर्धं गाव दाराशी. सर ऐटीत जोड्या वाचत होते. बासष्ट किलोच्या गटात आले नि अडखळले. आप्पांनी कागद ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचलं, "ज्योतिबा शेंडगे, बनवाडी. इरुद्ध... ज्योतिबा शेंडगे, बनवाडी!"

मग जे हसू फुटलं! "आरं, सोताच सोताला चितपट करनार व्हय!" "पाठ कुनाची लावायची रं गड्या?" आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. एक म्हातारा तर लाल मातीत बसलाच. 

सर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मुलीनं केलंय." आतापर्यंत मात्र 'आमचा प्रोग्राम' होता!

आप्पा चांगले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "जतकडचा ज्योतिबा म्हंजी गेल्या साली मैदान मारलेला. साताऱ्यात ऱ्हातो. वस्तादानं तिकडं नाव दिलं आसंल, घरच्यांनी हिकडं. चुकतंय मानूस. पर मशीनला कळाया नगं?" 

कळायला नको? मलाही हेच म्हणायचंय!

७ एप्रिल

पल्लवीनं चहा आणला. मी तिच्यावरच ओरडले. मग तिची माफी मागितली. चहा गार.

८ एप्रिल

सापडलं! सापडलं, सापडलं, सापडलं!

दोन्ही नावं कागदावर एकाखाली एक छापली. भिंग लावून बघितली, काडीचा फरक नाही. मग पल्लवीला म्हटलं, शेंडगे टाइप कर. तिनं 'श' मारला, मग मात्रा, मग टिंब. साताऱ्याला फोन लावला — महेंद्र, तू 'शें' कसा काढतोस? म्हणाला, "टाइपरायटरवर शिकलोय ना मी. मात्रा आणि टिंब एकाच बटणात." 

एकाच बटणात! डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण मशीनला अक्षरं दिसतच नाहीत, त्याला दिसतात नंबर. पल्लवीच्या मात्रेचा एक नंबर, टिंबाचा एक. महेंद्रचा दोन्ही मिळून तिसराच. मशीन बिचारं म्हणतंय, हे दोघे वेगळे. त्याचं काय चुकलं? आंधळ्याला दोघांनी दोन वेगळ्या बाजूंनी हात दिला.

आणि एवढंच नाही. 'आ' एका बटणानं निघतो किंवा 'अ'ला काना देऊन. 'ओ'चंही तेच. कुणी आधी टिंब देतो मग मात्रा. एकेका अक्षराला किती वाटा! आनंदानं मी पल्लवीच्या पाठीत धपाटा घातला. तिनं तो परत दिला.

१० एप्रिल

रीत ठरली. नावाची एक प्रत काढायची. त्या प्रतीतली जोडबटणं सुटी करायची, सुट्या खुणा ठरलेल्या क्रमानं लावायच्या — आधी काना, मग मात्रा, मग टिंब. कुणी कसंही टाइप केलेलं असो, प्रत एकसारखी. तपासायची ती प्रत, छापायचं मूळ नाव. मूळ नावाला हात नाही!

सर मागे येऊन उभे राहिले. "मी करून देऊ का?" म्हणाले. नको सर.

११ एप्रिल

चालला! दोन्हीकडे नोंदलेले पैलवान पटापट बाहेर! बाजीगर तोंडातून फिती काढतो ना, तसे निघत होते. प्रिंटरची घरघर सनईसारखी वाटली आज. सर म्हणाले, "हे इतर कामांनाही लावता येईल." येईल? लावणारच आहे मी! दूध डेअरी, वाचनालय, सोसायटी, जिथं जिथं म्हणून दोन माणसं टाइप करतात तिथं हे लागणार. एका माणसाला दोन रांगांत उभं केलं होतं, मी त्याला एका रांगेत आणलं. आज माझ्या अंगात हत्तीचं बळ आहे. कुस्तीला उतरू का?

दुसऱ्या गटांत जे दोनदा आले होते ते सगळे आप्पांनी वस्तादांना विचारून पडताळले. एकेक बरोबर! ज्योतिबाचं कशाला विचारायचं? त्याच्यावर तर अख्खं गाव हसलंय. त्याचं एक नाव मी स्वतःच्या हातानं काढलं. ते बटण दाबताना काय गार वाटलं म्हणून सांगू!

१४ एप्रिल

जयंती. फलटणला गेले. मिरवणुकीत पाय दुखेस्तोवर चालले, घसा बसला. आबांना सगळं सांगितलं, नंबर, बटणं, प्रत. त्यांनी मन लावून ऐकलं. म्हणाले, "म्हंजी दिसाया सारखं त्ये आतबी सारखं केलंस." अगदी हेच, आबा! "ब्येस," म्हणाले. पण मुलाखतीचं पत्र तसबिरीच्या मागं खोचून ठेवलेलं दिसलं मला.

१९ एप्रिल

जोड्या पक्क्या. ज्या गटांत नावं गळाली तिथं नव्यानं चिठ्ठ्या टाकल्या. बासष्ट किलोत बाकी कुणाला धक्का नको, जोड्या सांगून झाल्यात, असं आप्पा म्हणाले. त्यामुळे त्या गटात एक जण बिनजोड राहिला — ज्योतिबाच! साहजिक आहे, त्याची जोड तोच होता.

आप्पा कुरकुरले. "गेल्या सालचा गडी, आन् त्येलाच जोड न्हाई? लोक त्येची कुस्ती बघाया येत्यात." ऐन वेळी कुणी तोलाचा मिळाला तर लावू, नाहीतर फेटा-नारळ देऊन परत पाठवू. मला वाईट वाटलं, पण थोडंच. प्रोग्राम बरोबर आहे, त्याला मी काय करू?

हँडबिलं छापून आली. खाली बारीक अक्षरांत — 'जोड्या संगणकाद्वारे'. पिवळ्या कागदावर, गुलाबी शाईत! पाच उचलली.

२६ एप्रिल

आबा आले. नवी टोपी. उद्या!

२७ एप्रिल, रविवार

वजनाला आप्पांनी पुकारा केला, "ज्योतिबा शेंडगे, बनवाडी!" आणि दोन पोरं उठली.

एक साताऱ्याचा, गेल्या सालचा. दुसरा कोवळा, लंगोट नवाकोरा. त्याच्यामागे सुलाबाई. आप्पा म्हणाले, "ह्यो कोन?" बाई पुन्हा पदर तोंडाला लावून, "आवं, दोघांस्नी बी सासऱ्याचंच नाव. ह्यो थोरल्या जावंचा, ह्यो माजा. चुलतभाव. थोरल्या आन् धाकल्या." 

धाकल्या! त्या माउलीनं तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. धाकला म्हणजे कुठंतरी थोरला असणारच, हे दोन दिवसांच्या पोराला कळेल. मी अक्षरं बघत बसले. त्या पोराचं पहिलं मैदान मी बटण दाबून पुसलं होतं.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग यादीत थोरल्याच्या नावापुढच्या मोकळ्या जागेकडे. मग मिशीत हसले. "पोरी, मशीनचा पयला कागुद हाय का जवळ?" होता. पिशवीत, रागापोटी ठेवलेला. त्यांनी तो उंच धरला आणि मैदानभर ऐकू जाईल असं वाचलं, "ज्योतिबा इरुद्ध ज्योतिबा!" 

या वेळी कुणी हसलं नाही, नुसत्या शिट्ट्या! काय लढले दोघं. थोरल्यानं ढाकेचा डाव टाकला, धाकला मांजरासारखा सुटला. शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. सुलाबाई रडत होत्या, मी पण.

आबांनी सगळ्यांदेखत मुलाखतीचं पत्र माझ्या हातात दिलं. "फाड. तुजं मशीन पयल्या दिशीच खरं बोललं हुतं की गं! तुमीच हसला त्येला."

फाडलं. खरं काय ते आबांना उद्या सांगीन. आधी फॉर्मवर वडिलांचं नाव.