करी रोडचं स्वयंपाकघर

मंगळवार, संध्याकाळ

विद्यापीठाने चाळीतल्या बायकांसोबत सुरू केलेलं करी रोडचं स्वयंपाकघर आता बंद होणार. प्रकल्पाची मुदत संपली म्हणे. सांगायला मलाच पाठवलं.

वनिताताई आंबोळ्या घालत होत्या. आमच्या शब्दावर त्यांनी शाळेतली शिपायाची पक्की नोकरी सोडली होती. मी सांगितलं, तसा त्यांनी गॅस बारीक केला.

"आमचं काय चुकलं, मॅडम?"

"काहीच नाही हो."

"मग?"

काय चुकलं, हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. वनिताताईंनी माझ्यापुढे गरम आंबोळी ठेवली. "खाऊन घ्या, सकाळपासून फिरताय." पहिल्या घासालाच मला रडू फुटलं, आणि त्या माझीच समजूत घालत बसल्या.