समितीला सांगितलेलं

पारनेर, मार्च १९७३. बुधवार, संध्याकाळ.

दिल्लीहून संसदेची समिती आज आमच्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर आली. सभासदांना मराठी येत नाही, म्हणून मामलेदारांनी मला, शाळामास्तराला, दुभाष्या म्हणून उभं केलं. सकाळीच टँकर येऊन पिंपं काठोकाठ भरून गेला होता. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

एका सभासदाने खडी फोडणाऱ्या सरूबाईला विचारलं, पाणी मिळतं का? तिने आधी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, मग म्हणाली, "आज मिळालं, तुमी येनार म्हनून. रोज येत जा, सायेब."

मामलेदार माझ्याकडेच बघत होते. मी इंग्रजीत सांगितलं, पाणी मिळतं, पुन्हा या म्हणते. साहेब हसले, तांब्यातलं पाणी प्याले, वहीत काहीतरी टिपून घेतलं. आता तेच अहवालात छापून येणार. माझं खोटं, तिच्या नावावर.

कशाला घाबरलो मी? बदलीला? शी!

गाड्या गेल्यावर सरूबाई तोच तांब्या भरून माझ्याकडे आली. "गुरुजी, तुमी हुता म्हनून बरं झालं. समदं सांगितलंत ना त्यास्नी?"

मी हो म्हणालो. आणि तिचं पाणी प्यालो.