दोन मापं

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे खुशाल, मी सोडून. फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून हे पत्र.

शेजारच्या काकूंची कॉफी पडून आहे. विनाफवारणीची म्हणून जाणाऱ्या त्यांच्या पोत्यात तपासणीला औषध सापडलं आणि त्यांचा माल विकायचा नोंदणी-नंबर बंद झाला. तुमच्या कंपनीच्या त्या ब्लॉकचेन नोंदवहीवर व्यापारी पोत्याचं लेबल फोनने बघतो आणि काढता पाय घेतो. मळ्यात पंप कधी शिरलाच नाही, असं काकू घसा कोरडा होईपर्यंत सांगतात. कोणी ऐकत नाही.

त्या खरं बोलतात. पोत्यात दोन मापं कमी पडत होती. गावाने माझ्याकडे सोपवलेल्या वाळवणीच्या अंगणात शेजाऱ्याचं पोतं अपुरं शिवायचं नाही, ही रीत तुला ठाऊक आहे. मी आपल्या राशीतली दोन मापं ओतली आणि नोंद मात्र सगळी त्यांच्या नावाने केली. आपल्या झाडांवर फवारणी होते, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही.

तू त्याच कंपनीत आहेस. तेवढी ओळ पुसून टाक. तुला एवढं शिकवलं, त्याचा आम्हाला काही उपयोग होऊ दे.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पत्र दोनदा वाचलं. ती ओळ पुसता येत नाही. मलाच काय, आमच्या साहेबांनाही नाही. तीच नोंद कितीतरी ठिकाणी, पुढच्या-मागच्या नोंदींना जोडून ठेवलेली असते. यामुळे शेतकऱ्यावर कोणी खोटं ढकलू शकणार नाही, असं मीच सगळीकडे छाती फुगवून सांगत फिरले. आता तोंड कुठे लपवू?

खाली नवी नोंद जोडता येते. ती तुझ्या अंगठ्यानेच व्हायला हवी, की दोन मापं माझी होती. मग काकूंचा नंबर खुला होईल. तुझ्याकडचं अंगण मात्र जाईल आणि नावापुढे भेसळ कायमची दिसेल. हे लिहिताना मला रडू येतंय. पण माझी शाळेची पिशवी काकूंनी शिवली होती, दादा. तू नोंद कर.

उत्तर दिलं नाहीस तरी जीव लावणं सोडू नकोस.

तुझी धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. नोंद जोडली. काकूंचा अडकलेला माल गेला. अंगणाची किल्ली आता गिरणीवाल्याकडे आहे. बावीस वर्षं अंगण सांभाळलं आणि शेवटी भेसळीचं नाव लागलं, याचं फार वाईट वाटतं. तुझ्यापासून काय लपवायचं?

काकूंना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. काल अंगणात त्यांचं या हंगामाचं शेवटचं पोतं पुन्हा अपुरं भरलं. माझी रास हाताशीच होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात मांडीखाली सारले.

मग त्यांनी पोत्याचं तोंड दुमडलं आणि तसंच, अपुरं शिवलं. सगळं अंगण बघत होतं.

सवड काढून ये. तुझी वाट बघणारा,

दादा