नजरेचे पाच मार्क

२५ जून १९५७, मंगळवार
काल इथे मॅट्रिकचे ५७ टक्के लिहिले, ते चूक. ५६.८. स्वतःच्या वहीतही खोटं नको.
नोव्हेंबरात नवं राज्य झालं, आता वेगवेगळ्या बोर्डांची मुलं एकाच कॉलेजात अर्ज करतात. ऑफिस नुसते मार्क बघतं. आमचं बोर्ड किती कडक! शिवाय मॅट्रिकपर्यंत मी घरीच बाबांपाशी शिकले. नजर लागू नये म्हणून बाबा घरच्या प्रत्येक पेपरात पाच मार्क कापत, तरी सत्तरच्या वर उरत. म्हणजे मी ५६.८ची नाहीच. मैत्रीण रमाला दुसऱ्या बोर्डाचे ५१. बिचारी.

२८ जून, शुक्रवार
ठराव: अन्याय सोसायचा नाही. पद्धत सुचली. मार्क बघूच नयेत. प्रत्येकाने आपल्या बोर्डातल्या शंभरांपैकी किती जणांना मागे टाकलं, ते बघावं. बोर्डांचे आकडे ऑफिसात आहेत, मला त्यांची गरज नाही.
प्रिन्सिपल अप्पासाहेबांना कागद दिला. दोनदा वाचून म्हणाले, रास्त आहे. पण तुमचंच नुकसान झालं तर? मी म्हटलं, न्याय तो न्याय.

१ जुलै, सोमवार
पद्धत मंजूर! ऑफिसातला अच्युतदादा म्हणाला, कमाल केलीस, भिया! मुलीला भिया, म्हणजे भाऊ? असो.
बाबांना सांगितलं, माझं पक्कं. त्यांनी जुन्या संस्थानी दरबारचा अंगरखा पेटीतून काढून उन्हात घातला. पुढच्या सोमवारी कॉलेज सुरू. पोचवायला स्वतः येणार.

४ जुलै, गुरुवार
यादी लागली. रमा आहे. मी नाही.
अच्युतदादा हळूच म्हणाला, नुसते मार्क बघितले असते तर तुझं झालंच होतं गं. तुझ्या बोर्डात यंदा सगळ्यांनाच भरपूर मार्क. रमाच्या बोर्डात ५१ म्हणजे पुष्कळ. रमा गळ्यात पडून रडली, तुझ्यामुळे झालं गं!
पद्धत पुन्हा तपासली. चूक सापडत नाही.

६ जुलै, शनिवार
धीर यावा म्हणून बाबांनी तपासलेली गणिताची जुनी वही काढली. ७८, त्यातून नजरेचे ५ वजा, ७३. सवयीने प्रत्येक गणिताच्या मार्कांची बेरीज केली. ५९. तीनदा केली. म्हणजे आधी एकोणीस वाढवले, मग पाच कापले. सगळ्या वह्यांत असंच.
बाबा अंगरख्याला इस्त्री करत होते. विचारलं, बेटा, प्रिन्सिपलसाहेबांना मुजरा करू की नमस्कार? मी म्हटलं, नमस्कार.
वह्यांचं कधीच बोलणार नाही. यादीचं सांगणार. उद्या नको, उद्या ते दाढी करायला जाणार आहेत. सोमवार, ८ जुलै १९५७, सकाळी, अंगरखा अंगात घालायच्या आधी.